भाकरीचा जमाखर्च

धाकटी : जाऊबाई, स्वयंपाकघराविषयी तुम्ही बोलू लागलात की ऐकणाऱ्याला वाटावे, जन्मठेपेच्या कैद्याची ही कैफियत आहे, आणि तरीही चतुर्थीला भालचंद्राच्या दर्शनाला लिंबागणेशात आलेले सोयरेधायरे देवळातून परस्पर आपल्या गावी जायचे सोडून तुमच्या हातचे दोन घास मिळावेत म्हणून आपल्या ओसरीवर मुक्काम ठोकतात, ही विसंगती मला कधी उलगडली नाही. मी शाळेत शिकवते, पगार घेते, चार माणसांत मला मान आहे. पण ज्या कामाचे फळ काम संपताक्षणी डोळ्यांना दिसते असे काम मला दिवसभरात चुलीपुढेच सापडते. शिकवलेले मुलाच्या डोक्यात उतरले की नाही हे कळायला वर्षे जातात; भाकरीचा निकाल जागच्या जागी लागतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून आधणाचे पाणी घालून त्याला उसना चिकटपणा आणावा लागतो आणि तळहाताच्या टाचेने ते रगडून रगडून एकजीव करावे लागते. पीठ जुने होऊन विरी गेले असेल तर कितीही रगडा, थापताना कडा फाटतातच. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी तव्यावर टाकावी, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवावा, ते पाणी पुरते सुकण्याच्या आत ती उलटावी, आणि मग आरावर धरली म्हणजे तिचा पापुद्रा सुटून ती टम्म फुगते. या प्रत्येक पायरीवर हाताला काही तरी कळत असते आणि ते दुसऱ्याला सांगता येत नाही. अशा कामाला तुम्ही वेठबिगार म्हणता तेव्हा तुम्ही स्वतःच्याच विद्येचा अवमान करता, असे मला वाटते.

थोरली : तू एका भाकरीविषयी बोललीस आणि मी रोजच्या चळतीविषयी बोलते आहे. एक भाकरी ही विद्या आहे हे मला कबूल. पण या घरात एक भाकरी कधी कोणी केली आहे? माझे वडील निजामाच्या अमदानीत पटवारी होते. त्यांच्या दप्तरात गावातल्या प्रत्येक बांधाची, विहिरीची, आंब्याच्या झाडाची नोंद असे आणि पीकपाहणीत चूक निघाली तर तहसिलीतून विचारणा येई. मी या घरात आल्यापासून जे दप्तर सांभाळते आहे ते कागदावर नाही एवढाच काय तो फरक. आत्याबाईंना दात नाहीत, त्यांची भाकरी दुधात कुस्करायची. ह्यांना साखरेचा विकार. भावजींना वांगे चालत नाही. मुले अंबाडीच्या भाजीकडे पाहून नाक मुरडतात. ज्वारीचे पीठ उद्यापर्यंत पुरेल, हरभऱ्याची डाळ तळाला गेली, कालचे वरण आज संपलेच पाहिजे. हात चालवण्याचा कंटाळा मला कधी आला नाही. कंटाळा आला तो या दप्तराचा, कारण हात धुतले की हातांना सुट्टी मिळते, दप्तराला मिळत नाही. पहाटे डोळा उघडायच्या आधीच ‘आज काय करू?’ हा प्रश्न उशाशी येऊन बसलेला असतो, आणि तो घरात मोठ्याने विचारला तर उत्तर ठरलेले, ‘काहीही कर.’ ही उदारता नव्हे, बाई. हा हुकूम आहे, आणि मोठा बेरकी हुकूम आहे. कारण त्यात निवड माझी, अंमलबजावणी माझी, आणि पान वाढल्यावर ‘आज हे का केलेस?’ या प्रश्नाची जबाबदेहीही माझीच.

धाकटी : पण तुम्ही ज्याला दप्तर म्हणता त्यालाच मी कुटुंब म्हणते. बीडला डी.एड. करत असताना मी खानावळीत जेवत होते. अन्न वाईट नव्हते. डब्यात पोळी, भाजी, वरण, भात सगळे वेळेवर यायचे. पण मला कारले आवडत नाही हे त्या खानावळीत कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि मला ताप आला असता भात मऊ करावा असे कोणाला सुचणे शक्य नव्हते. घरचे जेवण आणि बाहेरचे जेवण यांत चवीचा फरक असतो असे लोक म्हणतात. माझ्या मते तो फरक चवीचा नसून स्मरणाचा आहे. जेवणारा कोण आहे हे ज्या अन्नाला ठाऊक असते ते घरचे. आणि ते स्मरण कोणाच्या तरी डोक्यात नित्य वास करून असल्याखेरीज हे घडायचे नाही. दुसरे असे की या नित्यक्रमाने माणूस पंचांगाशी आणि शेताशी बांधलेला राहतो. हिवाळ्यात हुरडा, संक्रांतीला तीळ, होळीला पुरण, उन्हाळ्यात कुरडया-सांडग्यांची वाळवणे, पाऊस पडला की शेतातली आपसूक उगवलेली भाजी. आपल्या गावचा देव तर चंद्राला कपाळी धारण केलेला. चंद्राने येथे तप करून शापातून मुक्तता मिळवली अशी कथा सांगतात, आणि त्या चंद्राच्या उदयाची वेळ पंचांगात पाहून आपण पाने मांडतो. आकाशातल्या गोलाच्या गतीशी ज्या घराची पंगत जुळलेली आहे, त्या घराच्या स्वयंपाकाला केवळ श्रम म्हणणे मला अरसिकपणाचे वाटते.

थोरली : चंद्राची शापातून सुटका झाली हे ठीकच झाले. पण चतुर्थीचा दिवस माझ्या बाजूने पाहा. उपवास करणाऱ्यांना सकाळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, न करणाऱ्यांना नेहमीचे भाकरी-कालवण, पोरांना दोन्ही. रात्री उपवास सोडण्यासाठी मोदकांसह चारीठाव स्वयंपाक, आणि तो चंद्र उगवेपर्यंत गरम राहिला पाहिजे. ज्या दिवशी घर जेवत नाही त्या दिवशी चूल विझत नाही, असा हा उपवास आहे. आणि त्यात स्वयंपाक करणारीनेही उपवासच केलेला असतो. तुझ्या पंचांगातल्या एकूण एक रसिकतेचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो ते पाहिलेस तर तुला एकच नाव दिसेल. आता दुसरी गोष्ट पाहा. गावात हरिनाम सप्ताह बसतो. काल्याच्या दिवशी मोठमोठ्या कढया चढतात, आणि पळ्यांच्या जागी फावड्याएवढे झारे घेऊन त्या कढयांभोवती उभे कोण असते? पुरुष. त्यांना डाळ किती, तिखट किती, बुंदी कधी उतरवायची हे सगळे समजते; लोक त्यांची वाहवा करतात; विणेकरी बुवा त्यांना नारळ देतात. म्हणजे पुरुषांच्या हाताला स्वयंपाक जमत नाही हे खोटे आहे. चारचौघांत केलेला, वर्षातून एकदा केलेला, नारळ मिळणारा स्वयंपाक त्यांना उत्तम जमतो. आणि त्याच सप्ताहासाठी घरोघरच्या ज्या भाकऱ्या टोपल्यांतून गोळा होतात त्या कोणी थापल्या याची दवंडी कधी पिटलेली तू ऐकलीस का?

धाकटी : ती दवंडी पिटावी हे तुमचे म्हणणे असेल तर माझा विरोध नाही. पण मोल म्हणजे नारळ आणि मोल म्हणजे नाणे एवढाच अर्थ धरलात तर माझी अडचण होते. मुंबईत गिरणगावातल्या बायका गिरणी कामगारांना जेवण करून घालत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्या खानावळवाल्यांना एकत्र केले, सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्याच्या आधी १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, आणि त्यातून लिज्जतचा केवढा पसारा उभा राहिला हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. या स्त्रियांनी नवे काय केले? जे घरी करत होत्या तेच केले. याचा अर्थ घरातली विद्या पोकळ नव्हती. तिच्यात कुटुंबाचे पोट भरून वर गाव पोसण्याएवढी ताकद होती. मग घरात ती कामास येते तेव्हा तिला कमी का लेखायचे?

थोरली : कमी मी लेखत नाही, हिशेब लेखतो. गिरणगावातल्या बाईने परक्याला जेवू घातले तेव्हा ती कामकरी ठरली; तीच भाकरी तिने नवऱ्याच्या ताटात वाढली तेव्हा ती रिकामी ठरली. जनगणनेच्या कागदांत घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय असे सांगणाऱ्या सुमारे सोळा कोटी बायका २०११ साली निघाल्या, आणि तसे सांगणारे पुरुष अठ्ठावन्न लाखांच्या आसपास. पुढे सरकारने माणसांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. जे कोणी दिवसात बिनपगारी घरकाम करतात त्यांच्यापुरती सरासरी काढली तर २०१९ साली बायकांची २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७ मिनिटे भरली. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच होते. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८. पाच वर्षांत बायकांचे दहा मिनिटांचे ओझे हलके झाले, आणि पुरुषांनी तेवढ्यात आपलीही नऊ मिनिटे वाचवून घेतली! आता या २८९ मिनिटांची किंमत सरकारदरबारी कधी होते ते ऐक. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघाताच्या एका दाव्यात सांगितले की गृहिणीच्या कामाचे मोल धरून तिचे कल्पित उत्पन्न ठरवले पाहिजे आणि नुकसानभरपाई त्याप्रमाणे दिली पाहिजे. निकाल न्यायाचा आहे, मी त्याला हात जोडते. पण दावा कोणाच्या मृत्यूनंतर चालला? बाई गाडीखाली सापडली म्हणजे तिच्या भाकरीला दर लागतो. ती जिवंतपणी चुलीपुढे बसलेली असेपर्यंत त्या खात्यावर शून्य.

(येथे लेखकाला मध्ये पडल्यावाचून राहवत नाही. थोरलीची आकडेमोड बिनतोड आहे. परंतु मिनिटे मोजणारी पाहणी ज्या दप्तराची तिने सुरुवातीला तक्रार केली ते मोजू शकत नाही. डाळ निवडायला लागलेला वेळ नोंदवता येतो. डाळ संपत आली हे दुपारी शेतातून येताना आठवण्याला वेळ लागतच नाही, आणि तरी दुपारभर ते आठवत असते. तिच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा तिच्याच आकड्यांत मावत नाही, हे धाकटीच्या ध्यानात यायला हवे होते. ते तिच्या ध्यानात आले नाही. तिने वेगळीच वाट धरली.)

धाकटी : शून्याला शून्य म्हणायला मी तयार आहे. पण तुम्ही प्रत्येक गोष्ट खात्यावर मांडू लागलात की ज्या गोष्टींना खाते नाही त्या तुमच्या नजरेतून सुटतात. आत्याबाई ७२ च्या दुष्काळाचे सांगतात ते तुम्ही माझ्याहून अधिक वेळा ऐकले असेल. घरची ज्वारी संपली, रेशनवर परदेशातला लाल मिलो आला, दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या माणसांना तो गिळवत नव्हता, त्याची भाकरी थापता थापता हातात मोडायची. आत्याबाईंनी त्यात काय काय मिसळून, किती गरम पाणी घालून ती उभी केली, कामावर मिळालेली सुकडी पोरांना पुरवून पुरवून कशी दिली, चिंचेच्या पाण्यात येसर कालवून त्याला आमटीचे रूप कसे आणले! तो काळ घराने तगून काढला तो सरकारने जेवढा धान्याने काढला तेवढाच त्या बाईच्या हाताने काढला. ही कारागिरी होती, हा मुत्सद्दीपणा होता. अशा वेळी ती ‘माझी इतकी मिनिटे झाली’ म्हणून उठली असती तर आज आपण दोघी या घरात कोणाच्या सुना असतो?

थोरली : तू त्यांच्याकडून ऐकलेस ते खरे आहे, पण तू एक विचारले नाहीस, ते मी विचारले होते. ‘तुम्ही काय खाल्ले?’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘परातीत उरायचे ते.’ आणि उरत होते का, हे मी पुढे विचारले नाही. घर तगले हे खरे. पण तगवणारीचे पोट ही त्या घराची शेवटची कोठी होती, आणि सगळ्यांत आधी रिती झाली ती तीच. सगळ्यांची जेवणे झाल्यावर मागे बसणारी बाई हे कारागिरीचे लक्षण आहे का? दुष्काळाचे सोड, तो पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. दसरा-दिवाळी उरकली की बालाघाटच्या या डोंगरपट्ट्यातली कितीतरी बिऱ्हाडे अजूनही ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे जोडपे. एकटा गडी अर्धा कोयता धरला जातो. आता या हिशेबात बाईचे काय काय जमा होते ते पाहा. ती ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीपर्यंत नेते. एवढे त्या अर्ध्या कोयत्यात आले. पण फडावर जायच्या आधी, काळोखात, कोपीच्या दाराशी तीन दगडांवर तिने दिवसभराच्या भाकऱ्या थापलेल्या असतात, आणि परत आल्यावर पुन्हा पेटवायची असते ती चूल. ते कोणत्या अर्ध्यात धरले? मुकादमाला जोडपेच का हवे असते याचे एक कारण मला तरी असे दिसते की जोडप्याबरोबर स्वयंपाकीण फुकट येते.

धाकटी : या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही, आणि मी ते देणारही नाही. पण शाळेत माझ्या वर्गात या बिऱ्हाडांची मुले असतात. आई-बाप फडावर जातात तेव्हा काही मुले आजीपाशी राहतात, काही बरोबर जातात. पाडव्याच्या सुमारास परत आलेल्या एका मुलीला मी विचारले, तिकडे काय आवडले? तिने ऊस सांगितला नाही, साखर कारखाना सांगितला नाही. कोपीत बसून आईच्या हातची तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी खायला मिळते, हे सांगितले. जाऊबाई, पाचटाच्या त्या खोपटाला घर म्हणावे असे दुसरे तिथे होते तरी काय?

थोरली : त्या मुलीचे उत्तर मला ठाऊक नव्हते, पण ऐकून मी निश्चिंत होत नाही, उलट घाबरते, कारण तिला हे इतके आवडते आहे म्हणूनच पाच-सहा वर्षांनी दुसऱ्या कोपीच्या दाराशी काळोखात चूल पेटवायला ती आनंदाने बसेल. आनंद हा या व्यवहारातला सर्वांत स्वस्त चलनी रुपया आहे, बाई. बाकीचे काही द्यावे लागू नये म्हणून तो दिला जातो.

धाकटी : तो कोणी देत नाही, तो कामातून निघतो, आणि काम गेले की जातो. याचा पुरावा याच घरात आहे. माळवदाखाली कोपऱ्यात जाते पडून आहे. पिठाची गिरणी गावात आली आणि पहाटेचे दळण संपले. त्याबद्दल रडणारी बाई मी पाहिली नाही आणि रडावे असे माझे म्हणणेही नाही. पण जात्याबरोबर ओव्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्यांत आपल्या जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गाइलेल्या ओव्याही मिळाल्या. ज्या बायकांना पाटीवर अक्षर गिरवू दिले गेले नव्हते त्यांनी खुंटा हातात धरून एवढे काव्य रचले. गिरणीने श्रम नेले, ठीक झाले. पण गाणे वेगळे काढून ठेवण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. २०१६ पासून उज्ज्वलेचा गॅस आला, डोळ्यांतला धूर कमी झाला, पऱ्हाट्या-तुऱ्हाट्या गोळा करण्याची पायपीट उतरली. मी त्याचे स्वागत करते, सिलिंडर परवडत नाही म्हणून पुन्हा चूल पेटते तेव्हा मला वाईट वाटते. माझी भीती पुढची आहे. उद्या भाकऱ्याही थापून बाजारात येतील. मोठ्या शहरांत आताच येतात. तेव्हा येसराची धान्ये किती भाजली म्हणजे उतरावीत हे नाकाने ओळखणारी माणसे राहतील का? कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली निघाली आणि वाटी-चमच्याच्या मापाने नवख्या मुलीही पदार्थ करू लागल्या. तो मोठाच उपकार झाला. पण पीठ विरी गेले आहे हे वाटी सांगत नाही, चमचाही सांगत नाही. ते रोज बसून कळते. रोजचेपणा काढून घ्या, म्हणजे हौशी स्वयंपाक उरेल, सप्ताहातल्या झाऱ्यासारखा. विद्या उरणार नाही.

थोरली : आता तू खऱ्या जागी आलीस. इतका वेळ तू म्हणत होतीस की हे काम गोड आहे आणि मी म्हणत होते की ते सक्तीचे आहे, जणू दोहोंतले एकच खरे असावे. आता तू म्हणतेस की ते सक्तीचे आहे म्हणूनच साधते. मला हे मान्य आहे. माझा हात बसला तो हौसेने नाही. मला दहाव्या वर्षी काठवटीपुढे बसवली म्हणून बसला. माझ्या पहिल्या भाकऱ्या कच्च्या, जाड, कडेला फाटलेल्या होत्या. घराने त्या खाल्ल्या. बोलणी देत खाल्ल्या, ‘नांदायला गेल्यावर आमचा उद्धार करशील’ असे म्हणत खाल्ल्या, पण खाल्ल्या. कारण पोरीला हे यायलाच पाहिजे यावर सगळ्यांचे एकमत होते आणि तेवढी नासाडी सोसायची तयारी होती. तेव्हा सक्ती नको असे मी म्हणतच नाही. ती निम्म्याच घरावर का, एवढेच विचारते. परवा तुझा मुलगा पुण्याहून आला आणि आपण होऊन पीठ मळायला बसला. त्याला तिथून उठवले कोणी? मी नाही. ‘सर बाजूला, नकाशे काढतोस का?’ असे म्हणून तू त्याच्या हातून पीठ ओढून घेतलेस. आणि तूच मला सांगतेस की विद्या बुडणार!

धाकटी : उठवले, कारण आठ माणसे जेवायची खोळंबली होती आणि आत्याबाईंची गोळी जेवणानंतरची होती. दहा वर्षांच्या पोरीची कच्ची भाकरी लोक खातात, बावीस वर्षांच्या पोराची खात नाहीत. तो स्वतःच ती खात नाही, दुसऱ्या दिवशी बाहेरून मागवतो. पण हे अर्धेच कारण झाले. उरलेले ऐकून तुम्हाला राग येईल. शाळेत शेवटचा शब्द मुख्याध्यापकांचा, शेतात ह्यांचा, देवघरात आत्याबाईंचा. काठवटीपुढे मी बसते तेव्हा तिथे माझा शब्द चालतो; मीठ किती हे मला कोणी शिकवत नाही. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची चळवळ काढली, गावोगावच्या शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्यायला लावला. या घरापर्यंत ती पोचली नाही. सातबाऱ्यावर माझे नाव नाही. तुम्ही म्हणता ओझे वाटून द्या. ओझ्याबरोबर हुकमतही वाटली जाते, आणि दुसरीकडचे काहीच माझ्या वाट्याला आलेले नसताना माझ्या हातातले हे एक ठिकाण मी आधी का सोडावे?

थोरली : राग नाही आला. हे मीही केलेले आहे. तू नवी होतीस तेव्हा येसराचा डबा मी तुझ्या हाती पहिली दोन वर्षे दिला नव्हता. पण बाई, ही हुकमत म्हणतेस तिची सनद नीट वाचून पाहा. मीठ किती हे ठरवण्याचा अधिकार तीत आहे. आज काहीच न करण्याचा अधिकार तीत आहे का? जहागीरदार निदान वर्षातून एकदा शिकारीला तरी जात. आणि काठवट सोडली तर बदल्यात सातबारा मिळेल, किंवा धरून ठेवली तर कधीतरी मिळेल, यातले कोणते घडते आहे ते तूच सांग. इतकी वर्षे मी धरून बसले आहे. माझे नाव कुठे लागले आहे?

धाकटी : म्हणजे तुमचे म्हणणे, मी आधी सोडावी.

थोरली : माझे म्हणणे एवढेच की तो उद्यापर्यंत इथे आहे. उद्या सकाळी त्याला बसव. भाकरी मोडली तरी उठवू नकोस, आणि मोडलेली त्याच्याच बापाच्या ताटात वाढ.

धाकटी : आणि आत्याबाईंच्या ताटात?

थोरली : त्यांना कण्या शिजवू मऊशा.

धाकटी : त्या कोणी शिजवायच्या?